अंकांतून उमटणारा रेडिओ

रेडिओच्या विद्येचा इतिहास पाहू गेल्यास एक गोष्ट ठळकपणे नजरेत भरते. ही विद्या जितकी प्रयोगशाळांत वाढली, तितकीच ती हौशी माणसांच्या घरांत वाढली. गॅलेना नावाच्या शिशाच्या खनिजाचा एक खडा, त्यावर टेकविलेली बारीक तार, पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेले तांब्याच्या तारेचे वेटोळे आणि कानाला लावावयाचे एक छोटे यंत्र, एवढ्या सामग्रीवर शंभर वर्षांपूर्वी ठिकठिकाणची मुले दूरवरचा आवाज ऐकत असत. आपल्या देशातही नियमित नभोवाणी सुरू होण्यापूर्वी, १९२३ साली, मुंबईच्या रेडिओ क्लबाने हौसेने ध्वनिक्षेपण करून दाखविले होते. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले ते त्यानंतर चार वर्षांनी, २३ जुलै १९२७ रोजी.

पुढे व्हॉल्व्ह आले, त्यामागून ट्रान्झिस्टर आले. तरीही पाठीमागचे झाकण काढले म्हणजे आतला प्रत्येक भाग डोळ्यांना दिसत असे. कोणते वेटोळे कशासाठी आहे, कोणता भाग काढला असता आवाज बंद होतो, हे जिज्ञासू विद्यार्थ्यास स्वतःच्या हातांनी तपासून पाहता येत असे. नंतर संकलित मंडलांचा काळ आला. साऱ्या रेडिओची रचना नखाएवढ्या सिलिकॉनच्या चकतीत सामावली. रेडिओ लहान झाला, स्वस्त झाला, आवाजही पूर्वीपेक्षा स्वच्छ झाला. परंतु झाकण काढून पाहणाऱ्याला त्यातून शिकण्यासारखे फारसे उरले नाही. हौशी माणसाच्या शाळेचे दार जणू लोटले गेले.

ते दार गेल्या काही वर्षांत एका अनपेक्षित बाजूने पुन्हा उघडले आहे. ज्याला इंग्रजीत सॉफ्टवेअर डिफाइंड रेडिओ असे म्हणतात, त्या नव्या पद्धतीत रेडिओचे बहुतेक भाग तारांचे व धातूंचे नसून संगणकाला दिलेल्या आज्ञांचे असतात. या पुस्तिकेत आपण त्याला ‘आज्ञावली-रेडिओ’ असे म्हणू. अंगठ्याएवढे एक साधन आणि घरातला किंवा शाळेतला साधा संगणक एवढ्यावर हा रेडिओ उभा राहतो. तो कसा चालतो, इतका स्वस्त कसा झाला आणि विद्यार्थ्याने त्यापासून काय शिकावे, हे येथे क्रमाने पाहावयाचे आहे.

जुन्या रेडिओतील कामांची वाटणी

आकाशक, म्हणजे ज्याला आपण एरियल म्हणतो ती तार, आसमंतातील सर्वच विद्युच्चुंबकीय तरंगांनी एकाच वेळी थरथरत असते. त्या गर्दीतून आपल्याला हवे ते एकच केंद्र वेगळे काढावयाचे असते. तरंगाची ओळख त्याच्या कंप्रतेवरून पटते. एका सेकंदात होणाऱ्या आंदोलनांची संख्या म्हणजे कंप्रता. सेकंदास एक आंदोलन म्हणजे एक हर्ट्झ, आणि दहा लाख आंदोलने म्हणजे एक मेगाहर्ट्झ. आपल्याकडील एफएम केंद्रे ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात असतात.

अमेरिकन अभियंता एडविन आर्मस्ट्राँग याने १९१८ साली सुपरहेटेरोडाइन नावाची पद्धत शोधून काढली, आणि तीच पुढे बहुतेक सर्व रेडिओंत रूढ झाली. या पद्धतीत आलेल्या तरंगाबरोबर रेडिओने स्वतः निर्माण केलेला दुसरा तरंग मिसळतात. दोहोंच्या कंप्रतांतील फरकाइतक्या कंप्रतेचा एक तिसरा, मंद तरंग त्यातून निघतो. मंद तरंगावर काम करणे सोपे असते. तो गाळावयाचा, वाढवावयाचा, त्यावर लादलेला आवाज उकलून काढावयाचा आणि शेवटी कर्ण्याकडे पाठवावयाचा, ही कामे एकामागून एक वेगवेगळी मंडले करीत असत. एका प्रकारच्या ध्वनिक्षेपणासाठी बांधलेला रेडिओ त्यामुळे दुसऱ्या प्रकारासाठी निरुपयोगी ठरे. मध्यम लहरींच्या जुन्या संचावर एफएम ऐकावयाचे, तर संचच बदलावा लागे.

आज्ञावली-रेडिओत पहिली एक-दोन कामे तेवढी मंडलांकडे राहतात. तरंग पकडावयाचा, थोडा वाढवावयाचा आणि मंद करून घ्यावयाचा, इतके झाले की त्याचे ताबडतोब अंक करतात. तेथून पुढे सारा कारभार गणिताचा आहे.

तरंगाचे अंक कसे होतात

एखाद्या नदीची पातळी दर तासाला मोजून वहीत लिहून ठेविली, तर त्या आकड्यांवरून पुराचा चढउतार कागदावर काढता येतो. तरंगाचेही तसेच आहे. त्याची उंची ठरावीक काळाने मोजली म्हणजे अंकांची एक माळ तयार होते. या प्रत्येक मोजणीला नमुना म्हणतात. नमुने किती वेळा घ्यावेत, हा येथील कळीचा प्रश्न आहे. हॅरी नायक्विस्ट याने १९२८ साली आणि क्लॉड शॅनन याने १९४९ साली या विषयावर मूलभूत विवेचन केले. त्याचे सार असे, की तरंगात जी सर्वांत मोठी कंप्रता असेल, तिच्या दुपटीहून अधिक वेळा नमुने घेतले पाहिजेत. तसे केले तर मूळ तरंगातील काहीही हरवत नाही.

याहून कमी नमुने घेतले तर काय होते, ते चित्रपट पाहणाऱ्या प्रत्येकाने अनुभवले आहे. पडद्यावर धावणाऱ्या टांग्याचे चाक कधी कधी उलटे फिरताना दिसते. कॅमेरा सेकंदास ठरावीक चित्रे घेतो, आणि दोन चित्रांच्या मधल्या काळात चाकाचा आरा जवळजवळ पुढच्या आऱ्याच्या जागी येऊन पोहोचतो. म्हणून तो किंचित मागे सरकला असे डोळ्यांना वाटते. रेडिओतही अपुऱ्या नमुन्यांमुळे एका ठिकाणचे केंद्र भलत्याच ठिकाणी उमटते. टांग्याच्या चाकाचा आणि रेडिओतील या भुताटकीचा नियम एकच आहे, हे विद्यार्थ्यास कळले म्हणजे त्याने या विषयाचा पहिला उंबरठा ओलांडला.

दोन अंकांची जोडी

आता एक अडचण उभी राहते. विहिरीवरील रहाटाच्या चाकाला एक लाल फडके बांधले आहे आणि आपण ते चाक अगदी कडेच्या रेषेत उभे राहून पाहत आहो, अशी कल्पना करा. फडके वरखाली होताना दिसेल; परंतु चाक उजवीकडे फिरते की डावीकडे, हे सांगता येणार नाही. त्यासाठी दुसरा एक निरीक्षक हवा. तो झाडावर चढून वरून पाहील आणि फडके पुढे आहे की मागे, ते सांगेल. दोघांची निरीक्षणे एकत्र केली म्हणजे फडक्याची जागा, चाकाची दिशा व वेग या तिन्ही गोष्टी निश्चित होतात.

आज्ञावली-रेडिओत नेमके हेच करतात. दर वेळी एका अंकाऐवजी दोन अंक घेतात. एक अंक तरंगाची उंची सांगतो. दुसरा, पाव आवर्तनाने मागे असलेल्या जोडीदार तरंगाची उंची सांगतो. आलेखाच्या कागदावर एक अंक आडव्या अक्षावर व दुसरा उभ्या अक्षावर मांडला की एक बिंदू मिळतो. नमुन्यामागून नमुना मांडीत गेले म्हणजे तो बिंदू मध्याभोवती फिरू लागतो. बिंदूचे मध्यापासूनचे अंतर हा तरंगाचा आयाम होय, आणि तो ज्या कोनात उभा आहे, ती तरंगाची कला होय. मध्यम लहरींवरील केंद्रे आपला आवाज या अंतरावर लादतात. एफएम केंद्रे तो कोनाच्या बदलावर लादतात. शाळेत भूमितीच्या तासाला शिकलेला पायथागोरसचा सिद्धांत आणि त्रिकोणमितीतील कोन काढण्याची रीत, एवढ्या भांडवलावर दोन्ही प्रकारचे ध्वनिक्षेपण उकलता येते.

स्वस्ताईची कथा

ही कल्पना आजची नाही. जोसेफ मिटोला या अमेरिकन अभियंत्याने १९९२ साली आपल्या निबंधात अशा रेडिओचे विवेचन केले. त्या काळी हे काम लष्कराला व मोठ्या उद्योगांनाच परवडणारे होते. कारण इतक्या वेगाने अंक करणारी साधने व ते हाताळणारे संगणक फार महाग होते. २००१ साली एरिक ब्लॉसम याने जॉन गिल्मोर याच्या आर्थिक पाठबळावर ग्नू रेडिओ नावाचा आज्ञावल्यांचा संग्रह उभारण्यास आरंभ केला आणि तो सर्वांस मुक्त ठेविला. आज्ञावली फुकट मिळू लागली. तथापि तिला अंक पुरविणारे यंत्र मात्र विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरच होते.

ती उणीव भरून निघाली ती एका योगायोगाने. युरोपात व अन्यत्र अंकीय दूरदर्शनचे कार्यक्रम संगणकावर पाहण्यासाठी छोटी साधने विकली जात. त्यांपैकी कित्येकांत तैवानच्या रिअलटेक कंपनीची आरटीएल-२८३२-यू ही चकती असे. दूरदर्शनचे चित्र उकलण्याचे काम ती चकती स्वतःच करी. परंतु एफएम रेडिओ ऐकविताना मात्र ती न उकललेले नमुने जसेच्या तसे संगणकाकडे पाठवी आणि आवाज काढण्याचे काम संगणकावर सोपवी. साधन आणि संगणक यांच्यात होणारी देवाणघेवाण एरिक फ्राय याने २०१० साली न्याहाळली होती. २०१२ च्या आरंभी फिनलंडच्या अँटी पालोसारी याच्या ध्यानात ही गोष्ट आली, आणि त्याने ती इतर जाणकारांपुढे मांडली. ऑस्मोकॉम या गटातील मंडळींनी त्याच वर्षी त्यासाठी आज्ञावली लिहून सर्वांना खुली केली. सुमारे २० डॉलर किमतीचे दूरदर्शनचे साधन रातोरात सर्वव्यापी रेडिओ बनले. ज्यांनी ते बनविले त्यांच्या मनातही हा उपयोग नव्हता.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावयास हवी. शोध लागला तो चकतीत नवे काही घातल्यामुळे नव्हे. तिच्यात आधीच असलेला गुण कोणीतरी बारकाईने पाहिला आणि पाहिलेले इतरांना सांगितले, म्हणून. स्वस्ताईचे खरे कारण ही ज्ञानाची वाटणी आहे.

साधनाच्या आत

या साधनात मुख्यतः दोन चकत्या असतात. पहिली हवी ती कंप्रता निवडून तिला मंद करते. या कामासाठी बहुधा वापरली जाणारी चकती सुमारे २४ पासून १७५० मेगाहर्ट्झपर्यंत काम देते. एफएम, विमाने, जहाजे, उपग्रह व हौशी रेडिओवाले या साऱ्यांचे पट्टे या विस्तारात येतात. मध्यम लहरी मात्र याच्या खाली राहतात. त्या ऐकण्यास वेगळी जोडणी लागते. दुसरी चकती नमुने घेते. एका क्रिस्टलची २८.८ मेगाहर्ट्झची आंदोलने तिला ताल पुरवितात. घेतलेल्या नमुन्यांतील अनावश्यक भाग गाळून ती सेकंदास सुमारे २४ लाख जोड्या संगणकाकडे भरवशाने पाठवू शकते.

प्रत्येक जोडीत दोन अंक, प्रत्येक अंकाला एक बाइट. म्हणजे सेकंदास ४८ लाख बाइट झाले. हा ओघ तासभर साठविला तर १७ अब्जांहून अधिक बाइट होतात. एवढे अंक संगणक वाहत्या पाण्यासारखे हाताळतो, हे पाहिले म्हणजे पूर्वी हे काम महाग का होते, ते सहज उमगते.

यापेक्षा वरच्या प्रतीची साधनेही आहेत. काही अधिक बारीक मोजणी करतात. हॅकआरएफ व प्लुटो यांसारखी काही साधने तरंग बाहेर सोडूही शकतात, आणि त्यामुळे ती वापरणाऱ्यावर निराळी जबाबदारी येते. आपण ज्या साध्या साधनाविषयी बोलत आहो, ते फक्त ऐकते. विद्यार्थ्याच्या आरंभासाठी हेच इष्ट होय.

पहिला पाठ : एफएम केंद्र

प्रथम आकाशक हवा. ३०० या संख्येस मेगाहर्ट्झमधील कंप्रतेने भागले म्हणजे तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. १०० मेगाहर्ट्झसाठी ती ३ मीटर येते. तिचा चौथा हिस्सा, म्हणजे ७५ सेंटिमीटर लांबीची तार एफएमसाठी पुरेशी होते. साधन त्या कंप्रतेवर लावले की संगणकाच्या पडद्यावर एकेक केंद्र डोंगराच्या शिखरासारखे उभे राहिलेले दिसते. आजवर जे केवळ कानाला कळत होते, ते आता डोळ्यांपुढे येते.

आता आवाज काढावयाचा. सेकंदास २४ लाख जोड्यांतून शेजारची केंद्रे गाळून टाकावयाची आणि दर दहा जोड्यांमागे एक ठेवावयाची. राहिल्या २ लाख ४० हजार. प्रत्येक बिंदूचा कोन काढावयाचा आणि मागच्या बिंदूच्या कोनातून झालेला बदल मोजावयाचा. बदलांची ही माळ म्हणजेच आवाज. ती पुन्हा गाळून दर पाच अंकांमागे एक ठेविला की सेकंदास ४८ हजार अंक उरतात आणि ते कर्ण्याकडे पाठविता येतात. सगळी कृती आज्ञावलीच्या वीस-पंचवीस ओळींत बसते.

एक छोटे गणित विद्यार्थ्याने अवश्य करून पाहावे. एफएम केंद्राची कंप्रता मोठ्या आवाजाच्या वेळी मध्यापासून ७५ किलोहर्ट्झपर्यंत सरकते. सेकंदास २ लाख ४० हजार नमुने असतील, तर दोन नमुन्यांमध्ये बिंदू जास्तीत जास्त ११२.५ अंश फिरतो. तो १८० अंशांहून कमी आहे, म्हणून दिशा चुकत नाही. नमुने निम्मे केले तर हाच कोन २२५ अंश होतो, टांग्याचे चाक उलटे फिरू लागते आणि आवाज फाटतो. सिद्धांत कानांनी ऐकण्याची अशी संधी क्वचितच मिळते.

दुसरा पाठ : विमानाचा ताळा

आकाशातून जाणारी बहुतेक प्रवासी विमाने १०९० मेगाहर्ट्झवर आपला क्रमांक, उंची, स्थान व वेग सतत जाहीर करीत असतात. संदेश १२० मायक्रोसेकंदांचा असतो. पहिले ८ मायक्रोसेकंद सावध करण्यासाठी असतात. उरलेल्या ११२ मायक्रोसेकंदांत ११२ द्विमान अंक येतात. प्रत्येक अंकाच्या वाट्याला एक मायक्रोसेकंद येतो. स्पंद पहिल्या अर्ध्यात आला तर १, दुसऱ्या अर्ध्यात आला तर ०. सेकंदास २० लाख नमुने घेतले की प्रत्येक अंकाला दोन नमुने मिळतात. पहिला मोठा की दुसरा मोठा, एवढे पाहिले म्हणजे संदेश वाचला गेला! ड्रिलच्या शिट्टीइतका सोपा हा संकेत आहे.

शेवटचे २४ अंक चूक शोधण्यासाठी ठेविलेले असतात. गुणाकार बरोबर आला की नाही, हे आपले आजोबा नवाचा ताळा करून पाहत असत. येथेही आधीच्या अंकांवर एक ठरावीक भागाकार करावयाचा आणि बाकी या शेवटच्या अंकांशी जुळते का, ते पाहावयाचे. जुळली नाही तर संदेश बिघडला असे समजून तो टाकून द्यावयाचा. दहा किलोमीटर उंचीवरील विमान क्षितिजावर सुमारे साडेतीनशे किलोमीटरपर्यंत दिसू शकते. म्हणून गच्चीवर सात सेंटिमीटरची तार उभी केली आणि क्षितिज मोकळे असले, तर शेजारच्या जिल्ह्यांवरून जाणारी विमानेही शाळेतल्या नकाशावर मांडता येतात.

तिसरा पाठ : उपग्रहाचा वेग

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने पहिला कृत्रिम उपग्रह सोडला, तेव्हा अमेरिकेतील विल्यम गायर व जॉर्ज वायफेनबाख या तरुण शास्त्रज्ञांनी त्याचा २० मेगाहर्ट्झच्या आसपासचा संकेत टिपला. उपग्रह जवळ येताना संकेताची कंप्रता किंचित वाढलेली व दूर जाताना किंचित घटलेली त्यांना आढळली. जवळ येणाऱ्या आगगाडीच्या शिट्टीचा सूर चढा वाटतो आणि गाडी पुढे निघून गेली की तो उतरतो, त्याच डॉप्लर परिणामाचा हा प्रकार होय. एवढ्या बदलावरून त्यांनी उपग्रहाची कक्षा काढली. उपग्रहांच्या साहाय्याने जहाजांना दिशा दाखविण्याची कल्पना याच कामातून पुढे आली.

आजचा विद्यार्थी हा प्रयोग स्वतः करू शकतो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातून हौशी रेडिओसाठी १४५.८ मेगाहर्ट्झवर वेळोवेळी बोलणे व चित्रे प्रक्षेपित होतात. स्थानक क्षितिजावर उगवताना त्याचा संकेत सुमारे साडेतीन किलोहर्ट्झ वर असतो व मावळताना तितकाच खाली. दर दहा सेकंदांनी कंप्रता लिहून आलेख काढला म्हणजे एक सुबक उतरती वक्ररेषा मिळते, आणि तिच्यावरून सेकंदास सुमारे साडेसात किलोमीटर हा वेग हाती येतो.

हवामान-उपग्रहांची चित्रे टिपणे हा हौशी लोकांचा फार आवडता उद्योग होता. १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात अमेरिकेचे नोआ-१५, नोआ-१८ व नोआ-१९ हे उपग्रह साध्या पद्धतीने ढगांची चित्रे पाठवीत. २०२५ साली ते तिघेही सेवानिवृत्त झाले. याच पट्ट्यात अंकीय चित्रे पाठविण्यासाठी बांधलेले मेटिओर-एम मालिकेतील दोन उपग्रह रशियाने २०२३ व २०२४ साली सोडले. त्यांचे संकेत उकलणे अधिक कठीण आहे. पण आज्ञावली-रेडिओचा गुण असा, की साधन तेच ठेवून आज्ञावली तेवढी बदलावी लागते.

चौथा पाठ : आकाशगंगेचा स्वर

हायड्रोजनचा अणू १४२०.४ मेगाहर्ट्झवर अत्यंत क्षीण असा तरंग सोडतो. डच शास्त्रज्ञ व्हान द हुल्स्ट याने हे भाकीत १९४४ साली केले, आणि २५ मार्च १९५१ रोजी हार्वर्ड येथे यूएन व पर्सेल यांनी खिडकीबाहेर काढलेल्या एका कर्ण्याच्या आकाराच्या आकाशकाने तो तरंग प्रत्यक्ष पकडला. पत्र्याचा किंवा पुठ्ठ्यावर धातूचा वर्ख चिकटवून केलेला कर्णा, एक चांगला वर्धक, एक छानक आणि हेच स्वस्त साधन एवढ्यावर हौशी निरीक्षक आज तो तरंग टिपतात. संकेत गोंगाटात बुडालेला असतो. म्हणून काही मिनिटे नमुने साठवून त्यांची सरासरी काढावी लागते. सरासरीने गोंगाट दबतो आणि लहानशी टेकडी वर येते.

ती टेकडी नेमकी १४२०.४ वर नसते. हायड्रोजनचे ढग आपल्यापासून दूर जात असतील वा जवळ येत असतील, त्या मानाने ती सरकते. सेकंदास एक किलोमीटर वेगाला सुमारे ४.७ किलोहर्ट्झ, असे हे प्रमाण आहे. साधन एका वेळी २.४ मेगाहर्ट्झचा पट्टा दाखविते. त्यात सेकंदास पाचशे किलोमीटर रुंदीचा वेगांचा विस्तार मावतो, आणि आकाशगंगेचे फिरणे मोजण्यास तो पुरतो. पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्यांनी मिळून ती बनली आहे. तिच्या थाळ्यांनी पकडलेल्या तरंगांचेही अंक केले जातात व पुढचे काम संगणक करतात. थाळ्यांचा आकार सोडला तर तेथील शास्त्रज्ञ आणि गच्चीवरील विद्यार्थी यांची रीत एकच आहे.

दोषही शिकवितात

स्वस्त साधनाला दोष असणारच. याचा प्रत्येक अंक ० ते २५५ यांतला असतो. त्यामुळे जवळच्या बलवान केंद्राशेजारी दूरचा क्षीण संकेत टिपणे याला जमत नाही. भर बाजारात कुजबुज ऐकू येत नाही, तसेच. क्रिस्टल तापला की त्याचा ताल थोडा चुकतो. १०० मेगाहर्ट्झचे केंद्र पडद्यावर ५ किलोहर्ट्झ बाजूला दिसले, तर चूक दहा लाखांत ५० भाग इतकी आहे असे समजावे व आज्ञावलीत तेवढी दुरुस्ती करावी. एलईडी दिवे, चार्जर व खुद्द संगणक यांचाही गोंगाट पडद्यावर उमटतो. एकेक दिवा मालवून कोणता गोंगाट कमी झाला हे शोधणे, हा प्रयोगशिस्तीचा उत्तम धडा आहे. निर्दोष यंत्र शिकणाऱ्याला प्रश्नच विचारीत नाही.

ऐकण्याचे शील

कान सर्वत्र पोहोचू लागला की काय ऐकावे, याचा विवेक हवा. ध्वनिक्षेपण केंद्रे, विमानांचे स्थानदर्शक संदेश, हौशी रेडिओ व निसर्गाचे तरंग यांचा अभ्यास वेगळा, आणि दुसऱ्यांच्या खासगी किंवा सुरक्षेच्या संदेशांत कान घालणे वेगळे. दुसरी गोष्ट कायद्याने वर्ज्य आहे. आपल्या देशात १८८५ चा तार अधिनियम व १९३३ चा बिनतारी तार अधिनियम यांनी या क्षेत्राची शिस्त आखून दिली. त्यांची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ साली दूरसंचार अधिनियम संमत केला. तरंग सोडण्यासाठी परवाना लागतो. हौशी रेडिओचा परवाना परीक्षा देऊन मिळतो, आणि परवानाधारकास व्हीयू या अक्षरांनी सुरू होणारे हाकेचे नाव लाभते. शाळेने कोणताही प्रयोग हाती घेण्यापूर्वी चालू नियम पाहून घ्यावेत. ज्यांस बोलण्याचीही हौस आहे, त्यांनी परीक्षेची तयारी करावी.

शाळांनी काय करावे

एका शाळेला एक साधन, एक जुना संगणक व थोडी तार एवढे पुरे आहे. पहिल्या दिवशी तयार आज्ञावली वापरून मुलांना केंद्र ऐकवावे, कारण ऐकल्यावाचून उत्सुकता जागत नाही. परंतु तेथेच थांबू नये. तयार आज्ञावलीचे बटण दाबून आवाज काढणाऱ्या मुलापुढे रेडिओ पुन्हा बंद पेटीच होऊन बसतो. फरक इतकाच, की पूर्वीची पेटी सिलिकॉनची होती, आताची अक्षरांची आहे. दहा सेकंदांचे नमुने साठवून ठेवावेत, आणि त्यांतून गाळणे, कोन काढणे, फरक घेणे ही एकेक पायरी मुलांनी स्वतः लिहावी. कागदावर वीस बिंदू मांडून कोनमापकाने कोन मोजले, तरी आरंभ उत्तम झाला. एकच नमुन्यांची फाइल अनेक शाळांना वापरता येते. म्हणून ज्या शाळेपाशी साधन नाही, तिलाही हा अभ्यास अडू नये. ग्रंथालयांनी पुस्तकांबरोबर अशा फाइली संग्रही ठेविल्या, तर गरीब विद्यार्थ्याची मोठी सोय होईल.

गॅलेनाच्या खड्यावर सुई टेकविणाऱ्या मुलाला कोणता बिंदू बोलेल हे ठाऊक नसे. तो धीराने सुई हलवीत राही. आजच्या मुलाच्या हाती सुईऐवजी आज्ञावलीची एक ओळ आहे. ती त्याने स्वतः लिहिली, चुकली म्हणून खोडली, पुन्हा लिहिली, आणि गोंगाटातून एकाएकी माणसाचा आवाज उमटला, तर रेडिओ म्हणजे काय हे त्याला निराळे सांगावे लागणार नाही.